मेलेलं माकड, बागेतला पातेरा आणि सासूबाईंचे अनवाणी पाय

डॉक्टर मॅडम,

आम्ही दोडामार्ग तालुक्यात राहतो. काजूची दोनशेच्या आसपास झाडं आहेत, वर्षाचा खर्च त्यांच्यावरच निघतो. चार दिवसांपूर्वी बागेच्या वरच्या अंगाला, पाणंदीजवळ एक वानर मरून पडलेलं दिसलं. मी म्हटलं, हात लावू नका, कोणाला तरी कळवू. पण धाकटे दीर आणि वाडीतली दोन मुलं म्हणाली, मारुतीचा अवतार तो, असा कुत्र्यांना कसा टाकायचा. पोत्यात घालून दिरांनी खांद्यावरून नेलं, हार घातला, नारळ फोडला आणि ओहोळाच्या कडेला पुरलं. मी ओरडले म्हणून घरात भांडण झालं. दिरांना अजून काही झालेलं नाही, पण मला रात्री झोप येत नाही.

हंगाम ऐन भरात आहे. बाग सोडून घरी बसणं परवडणारं नाही. सासूबाई पासष्टीच्या आहेत, अनवाणी जातात, दिवसभर बागेतल्या मांगरात, म्हणजे खोपटात असतात. काही सांगायला गेलं की म्हणतात, "आयुष्य गेला रानात, गोचडी काय आज इल्यो?" घरात पाच वर्षांचा मुलगा आहे, दोन गाई आहेत. मागच्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या एका काकांना माकडताप झाला होता. बरे होऊन आले तरी लोक महिनाभर त्यांच्याकडे पाणी प्यायले नाहीत. मलाही भीती वाटली, खोटं कशाला सांगू. आम्ही काय करावं? याची लस मिळते का?

— एक सून

ताई,

आधी दिरांचं बोलू, कारण ते थांबण्यासारखं नाही. हे वाचून होताच गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करा आणि तीन गोष्टी सांगा: वानर कुठे मेलं होतं, कुठे पुरलं आणि कोणाकोणाचा हात लागला. वन विभागालाही कळवा. त्यांचा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. पुरलेलं आता उकरायला जाऊ नका. जिथे ते पडलं होतं ती जागा, जिथून नेलं ती वाट आणि पुरलं ती जागा, या तिन्ही ठिकाणी कीटकनाशकाची भुकटी मारावी लागते. ते काम त्यांचं आहे, तुम्ही फक्त लांबून जागा दाखवायची. तोवर तिकडे माणूस नको, गाय नको, मुलगा तर मुळीच नको. पोतं कुठे टाकलंय तेही सांगा, पण त्याला परत हात लावू नका.

दीर आणि त्या दोन मुलांचे त्या दिवशीचे कपडे उकळत्या पाण्यात घाला. तिघांनाही पंधरा दिवस सांभाळा. गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते आठ दिवस लागतात, म्हणजे तुमचा हा आठवडा महत्त्वाचा आहे. ताप आला नाही तर उत्तम, आणि बहुधा येणारही नाही, कारण प्रत्येक वानर या आजाराने मरत नाही आणि प्रत्येक गोचिडीत विषाणू नसतो. पण अंग जरा जरी तापलं तर "बघू उद्या" चालणार नाही.

तुम्ही ओरडलात ते बरोबर होतं. दिरांना तुम्ही देवधर्म मोडायला निघालात असं वाटलं असेल. आपल्याकडे मेलेल्या माकडाला तसंच टाकत नाहीत. हार घालतात, गुलाल उधळतात, कुठे कुठे तेराव्यापर्यंत सगळं करतात, आणि त्यामागचा भाव मला कमी लेखायचा नाही. पण त्या अंगावर काय असतं ते भावोजींना नीट सांगायला हवं. त्यासाठी थोडं मागे जाते.

१९५७ साली कर्नाटकात, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली. पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. माकडं आणि माणसं एकाच वेळी मरतायत म्हटल्यावर तज्ज्ञांच्या पोटात गोळा आला, कारण पिवळ्या तापाचं, म्हणजे यलो फीव्हरचं, लक्षण असंच असतं आणि तो भारतात कधी आलेला नव्हता. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली मंडळी, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, तिथे पोहोचली. मेलेल्या माकडांतून त्यांनी जो विषाणू वेगळा काढला तो पिवळ्या तापाचा निघाला नाही. तो रशियात गोचिडीतून पसरणाऱ्या एका मेंदूज्वराच्या जवळचा होता. अगदी नवा विषाणू. जंगलाच्या नावावरून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणू लागले, गावांनी आपला माकडताप म्हटलं. डेंग्यूचा विषाणूही याच मोठ्या कुळातला. रक्तस्राव घडवू शकणारे जे विषाणूजन्य ताप आहेत त्यांत याची गणना होते. शंभर रुग्णांमागे साधारण तीन ते पाच जण दगावतात.

बरीच वर्षं तो शिमोगा आणि भोवतालच्या जिल्ह्यांतच राहिला. मग २०१२ पासून बंडीपूर, निलगिरी, वायनाड इथे दिसला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात आला, २०१६ मध्ये तुमच्या दोडामार्गात आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला. सह्याद्रीच्या एकाच रानाची ही सलग पट्टी आहे, त्यामुळे यात कोणी कोणाकडून आणलं हा वाद मला निरर्थक वाटतो.

आता नाव माकडताप असलं तरी माणसाला तो माकड देत नाही, गोचीड देते. ही गोचीड म्हणजे गाईच्या कानाला लटकलेली टपोरी, करड्या रंगाची गोचीड नव्हे. तिचंच लहान वय. पावसाळ्यात मोठ्या गोचिडी गुरांच्या नि रानातल्या जनावरांच्या अंगावर रक्त पितात, खाली पडतात, पातेऱ्यात, म्हणजे गळून पडलेल्या पानांत अंडी घालतात. पाऊस ओसरला की त्यातून पिल्लं निघतात आणि गवताच्या टोकांवर झुबक्याने बसतात. ती उंदरावर, खारीवर, माकडावर चढतात. माकडाला ताप असेल तर रक्ताबरोबर विषाणू त्यांच्या पोटात जातो. कात टाकून ती जरा मोठी होतात, तिळाएवढी. या तिळाएवढ्या अवस्थेतल्या गोचिडीच माणसाला सर्वांत जास्त चावतात, आणि त्यांचा जोर असतो डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत. काजूही नेमका तेव्हाच पिकतो. पानगळ तेव्हाच होते, बोंडू पातेऱ्यात पडतात आणि बी वेचायला माणूस तिथेच वाकतो. तुमचा हंगाम आणि गोचिडीचा हंगाम एक आहे, सगळी अडचण इथे आहे.

आणि माकड मेलं की काय होतं? अंग थंड पडतं. गोचिडीला गार रक्त नको असतं. शेकड्यांनी त्या अंगावरून उतरतात आणि तिथेच पातेऱ्यात नवं ऊबदार अंग शोधत बसतात. भावोजींनी पोतं खांद्यावर घेतलं तेव्हा सर्वांत जवळचं ऊबदार अंग त्यांचं होतं. त्यांना हे असंच सांगा. पुढच्या वेळी हात जोडायचे ते वीस-पंचवीस पावलांवरून जोडा, नारळ पारावर मारुतीपुढे फोडा, आणि ते शरीर हातमोजे-बूट घातलेल्या माणसांना तिथेच जाळू द्या. तेही अग्नी देणंच आहे. आणि वानर जिवंतपणी दिसलं तर त्याला हाकलायला, मारायला कोणी उठू नये. ती बिचारी आपल्याआधी मरतात, आणि त्यांच्या मरण्यावरूनच आपल्याला आठवडा-दोन आठवडे आधी कळतं की रानात विषाणू फिरतोय. २०१६ मध्ये तुमच्या तालुक्यातही माकडं मरत असल्याच्या बातम्या येत होत्या.

बाग सोडा असं मी सांगणार नाही. ज्याचं वर्ष दोनशे झाडांवर आहे त्याला घरी बसा म्हणणं सोपं आहे, पण त्याने पोट भरत नाही. त्या पाणंदीकडची झाडं मात्र भुकटी मारून होईपर्यंत आणि आरोग्यवाले सांगतील तोवर सोडून द्या. तेवढी काजी गेली तर जाऊ द्या. बाकी बागेत जाताना अंग झाकायचं आणि परतल्यावर अंग तपासायचं.

झाकायचं म्हणजे पूर्ण बाह्या, पायघोळ पँट, पँटची टोकं मोज्यात खोचलेली, वर गमबूट. कपडे फिक्या रंगाचे, म्हणजे ती तिळाएवढी गोचीड चढताना दिसेल. बायकांनी साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवून भागत नाही, कारण पोटऱ्या उघड्याच राहतात. आतून लेगिंग किंवा सुती पायजमा घालून त्यावर मोजे ओढावेत. आरोग्य केंद्रातून डीएमपी तेल, म्हणजे गोचीड अंगापासून दूर ठेवणारं तेल, मिळतं का विचारा. कर्नाटकात डेपा नावाचं तेल वाटतात. निघण्याआधी ते हातापायांना, मानेला लावायचं. डोळ्यांना आणि जखमेला नाही. काही तासांनी त्याचा जोर ओसरतो, म्हणजे सकाळी लावलेलं दुपारच्या भाकरीनंतर परत लावायला हवं. घरी आल्यावर साबणाने धुऊन काढायचं. त्याचा वास सासूबाईंना सोसणार नाही, मला माहीत आहे. पण लावा.

जेवायला, पाठ टेकायला पातेऱ्यावर बसायचं नाही. मांगराभोवतीची दोन-चार हात जागा स्वच्छ झाडून बेणून ठेवा. आणि ताई, गोठ्यात गाईंखाली पसरायला रानातला पातेरा आणता का? कोकणात सगळेच आणतात. या चार-पाच महिन्यांत आणू नका, भाताचा पेंढा वापरा. पातेऱ्याच्या भाऱ्यातून गोचीड डोक्यावर बसून थेट घरात येते. गाई रानात चरून आल्या की त्यांचे कान, मानेखालची पोळी, कास, शेपटीचं बूड बघा. गोचीडनाशक किती आणि कसं लावायचं ते पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घ्या. गाईला हा ताप येत नाही, पण गोचिडींचा संसार ती पोसते.

मग संध्याकाळ. हे सर्वांत मोलाचं आहे. बागेतून आलं की कोणी आधी चुलीपाशी बसायचं नाही, मुलाला उचलून घ्यायचं नाही. कपडे दाराबाहेरच काढून कढत पाण्यात, आणि स्वतः साबण लावून गरम पाण्याने आंघोळ. मग उजेडात एकमेकांचं अंग बघायचं. तिळाएवढी गोचीड कपड्याने आवळलेल्या, घामेजलेल्या जागा शोधते: कमरेला साडीच्या गाठीखाली, काखेत, जांघेत, गुडघ्याच्या मागे, कानामागे, केसांच्या कडेला. डोळ्याला ती तीळ किंवा खपली वाटते, म्हणून बोटही फिरवून बघा.

सापडली तर चिरडू नका, नखाने ओढू नका. रॉकेल, चुना, पेटती काडी यांतलं काही नको, त्याने ती आतली लाळ आणखी सोडते. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून तिला धरा आणि न पिळता सरळ वर ओढा. मग जागा आणि हात साबणाने धुवा. कॅलेंडरवर त्या तारखेपुढे खूण करा. पुढे ताप आलाच तर ती खूण डॉक्टरच्या फार उपयोगी पडते.

ताप कसा येतो ते मी पाहिलेल्या एका बाईवरून सांगते. मी तळकोकणात नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. मार्च महिना, चाळिशीची बाई, चौथ्या दिवशी आणली. थंडी वाजून एकदम ताप, कपाळ फुटेल असं दुखणं, आणि पोटऱ्या-कंबर इतकी दुखत होती की चादरीचा स्पर्श सहन होईना. डोळे लालभडक, उजेडाकडे बघवत नव्हतं. उलट्या सुरू. हंगाम बुडू नये म्हणून तिने तीन दिवस एका खाजगी दवाखान्यात दुखणं मारायची इंजेक्शनं घेतली होती आणि दुपारी काजी वेचत होती. चौथ्या सकाळी मिश्री लावताना हिरड्यांतून रक्त आलं, ते थांबेना, तेव्हा घाबरून आली. तपासलं तर प्लेटलेट उतरलेल्या, पांढऱ्या पेशी उतरलेल्या, रक्तदाब खाली. आणि कमरेला, साडीच्या गाठीखाली, एक वाळलेला काळा ठिपका. ती वाचली. पण पुढे महिनाभर तिला पाण्याची कळशी उचलवत नव्हती.

त्या इंजेक्शनांचं मला आजही वाईट वाटतं. या तापात रक्त पातळ करणारं किंवा पोटात रक्तस्राव वाढवणारं औषध घ्यायचं नाही, म्हणजे ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, "अंगदुखीची गोळी" म्हणून दुकानात मिळणारं काहीही नाही. तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, आणि भरपूर पाणी, पेज, ओआरएस. विषाणूवर थेट काम करणारं औषध अजून नाही. सलाइन, रक्तदाब सांभाळणं, लागलं तर रक्त किंवा प्लेटलेट, सगळा उपचार याच्यावर आहे. म्हणूनच वेळेवर दाखल होण्याला इतकं महत्त्व आहे.

दवाखान्यात पाऊल टाकल्याबरोबर सांगा, "आम्ही काजूच्या बागेत काम करतो, आमच्याकडे वानर मेलंय." हे वाक्य विसरू नका. सिंधुदुर्गात ताप म्हटला की लेप्टो, डेंग्यू, मलेरिया आधी डोक्यात येतात, आणि सांगितलं नाही तर माकडतापाची तपासणी राहून जाते. पहिल्या आठवड्यात रक्त घेतलं तर त्यात विषाणूच सापडतो, नंतर शरीराने केलेल्या अँटिबॉडी बघतात. २०१६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातले मजूर गोव्यातल्या काजूच्या बागांत कामाला येऊन गेले आणि त्यांना हा ताप निघाला. बाग एकीकडे, रुग्ण भलतीकडे. तुमच्याकडे परगावचे गडी वेचणीला असतील तर त्यांनाही हे सगळं सांगा. घरी परतल्यावर ताप आला तर तिथल्या डॉक्टरला सांगता आलं पाहिजे की आपण कुठून आलो. रक्त दिसलं, माणूस बरळायला लागला, लघवी कमी झाली तर १०८ बोलवा.

अजून एक. दहा-वीस टक्के रुग्णांत ताप उतरतो, माणूस आठवडा-दोन आठवडे बरा असतो आणि परत ताप येतो. या वेळी डोकेदुखी, मान आखडणं, हात थरथरणं, नीट न दिसणं, गोंधळल्यासारखं बोलणं. घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे, कोणी म्हणतं बाहेरचं काही लागलंय. तो त्याच आजाराचा दुसरा फेरा असतो, लगेच परत दवाखान्यात न्यायचं.

शेजारच्या काकांबद्दल तुम्ही खरं लिहिलंत, ते मला आवडलं. हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याला लागल्याची नोंद नाही. विषाणूच्या दृष्टीने माणूस म्हणजे बंद गल्ली, तिथून पुढे वाट नाही. काकांच्या हातचं पाणी पिऊन, त्यांच्या शेजारी बसून, त्यांचं अंथरूण धुऊन काही होत नाही. आजारपणातून उठलेल्या माणसाला महिनाभर दारातून परत फिरणारे लोक बघावे लागले, हे दुखणं तापापेक्षा कमी नव्हतं. कोणत्या झाडाखाली काम करत होते, पहिल्या दिवशी काय झालं, हे वाडीत त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. एकदा जाऊन चहा घ्या त्यांच्याकडे. सासूबाईंनाही न्या. तुमचं किंवा माझं त्या ऐकणार नाहीत, काकांचं ऐकतील.

लशीचं विचारलंत. कर्नाटकात बरीच वर्षं एक लस दिली जायची. महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग वरचेवर बूस्टर. एवढं करूनही तिचं संरक्षण तोकडं पडत गेलं आणि ती बंद झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने नव्या लशीवर काम चालू आहे, पण तुमच्या आरोग्य केंद्रात आज ती मिळणार नाही. साठ वर्षांहून जास्त काळ माहीत असलेल्या आजारावर हाताशी लस नाही, याचा मला राग येतो. हा ताप रानात राबणाऱ्यांना होतो, शहरात पसरत नाही. मला वाटतं, त्याचंच हे फळ आहे. लस येईपर्यंत चिमटा, तेल, गरम पाणी आणि एकमेकांची नजर एवढंच आपल्याकडे आहे.

सासूबाई म्हणतात गोचिडी काय आज आल्या. बरोबर आहे त्यांचं, गोचिडी पूर्वीपासून होत्या. तुमच्या रानात हा ताप दिसायला लागला तो २०१६ पासून. त्यांना हे एकदाच सांगा, वाद घालू नका. गमबूट जड वाटले तर हलके घ्या, पण घ्या. आणि संध्याकाळी त्या आल्या की पाटावर बसवून त्यांचे पाय तुम्ही गरम पाण्याने धुवा. सून पाय धुते म्हटल्यावर त्या नाही म्हणणार नाहीत, आणि धुता धुता घोट्यापासून गुडघ्याच्या खळीपर्यंत तुमचं बोट फिरून होईल.

भावोजींना मात्र आजच शर्ट काढून पाठ दाखवायला सांगा. पोतं ज्या खांद्यावर होतं तो खांदा आणि त्याच्या मागची बाजू, तिथे माणसाची स्वतःची नजर पोहोचत नाही.

— तुमची डॉक्टर